कॉम्प्युटरचा पंखा नेमकं कुणाचं ऐकतो?

रात्रीचे साडेअकरा. घर झोपलेलं. तुम्ही ब्राउझरमध्ये एक नवा टॅब उघडता आणि टेबलाखालचं कॅबिनेट एकदम फुरफुरतं. तीन-चार सेकंद घोंगावतं आणि पुन्हा गप्प. जरा वेळानं मेल उघडली की परत तेच. काम म्हणाल तर काडीचं नाही, पण आव असा की आत सिनेमा रेंडर होतोय.

माझ्या मशीनचं हे वर्षभर चाललं होतं. फॅन स्वस्तातले असणार, असा मी सरळसोट निष्कर्ष काढला. दोन चांगले फॅन आणले, बसवले, आणि मशीन पूर्वीसारखंच फुरफुरू लागलं, फक्त जरा उंची आवाजात. फॅनचा दोष नव्हताच. तो बिचारा हुकूम पाळत होता. हुकूम देणारा उतावळा होता.

हे दुखणं आता गेमिंगवाल्या हौशी मंडळींपुरतं राहिलेलं नाही. घरी व्हिडिओ एडिट करणारे, थ्रीडी करणारे, स्वतःच्या मशीनवर एआय मॉडेल चालवून बघणारे, सगळ्यांच्या कॅबिनेटमध्ये आता मोठी भट्टी आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटं ५७५ वॅटपर्यंत वीज घेतं. त्याच्या आधीचं ४०९० हे ४५० वॅटचं होतं. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के प्रोसेसरची टर्बोमधली, म्हणजे पूर्ण जोर लावतानाची, मर्यादा २५३ वॅट आहे. एवढी उष्णता बाहेर काढायची आणि कानालाही त्रास द्यायचा नाही, हे जमतं. त्यासाठी आधी पंखा काय करू शकतो आणि काय नाही, ते बघू.

पंखा थंड करत नाही, तो उपसतो

कॉम्प्युटरनं घेतलेली वीज शेवटी उष्णताच होते. ३०० वॅट घेणारं मशीन म्हणजे ३०० वॅटचा हीटर. जाता जाता तो तुमचं काम करून देतो एवढंच. पंखा ही उष्णता नाहीशी करत नाही. बोटीत शिरलेलं पाणी बादलीनं उपसावं तसा तो ती कॅबिनेटमधून उपसून खोलीत टाकतो. त्याची बादली म्हणजे हवा.

बादली केवढी, हे मोजता येतं. एक लिटर हवा एक अंशानं तापायला साधारण १.२ ज्यूल लागतात. ३०० वॅट म्हणजे सेकंदाला ३०० ज्यूल. आत आलेली हवा दहा अंशांनी तापून बाहेर पडली तर प्रत्येक लिटर १२ ज्यूल घेऊन जातो. म्हणजे सेकंदाला २५ लिटर हवा हवी. फॅनच्या खोक्यावर सीएफएम लिहिलेलं असतं, ते म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. २५ लिटरचे होतात सुमारे ५३ सीएफएम. १२० मिलिमीटरचे दोन-तीन फॅन निवांत फिरले तरी एवढं काम होतं.

आता हवा दुप्पट करा, ५० लिटर. आतली हवा दहाऐवजी पाच अंशांनी तापेल. पुन्हा दुप्पट करा, १०० लिटर. आता अडीच. पहिल्या दुपटीत पाच अंश मिळाले, दुसरीत अडीच, तिसरीत सव्वा. पंखा कितीही भिंगवला तरी हा आकडा शून्यावर येत नाही, आणि खोलीच्या तापमानाखाली तर मुळीच जात नाही.

प्रोसेसरचं तापमान ही एक बेरीज असते. समजा खोली २८ अंशांवर, कॅबिनेटमधली हवा त्याहून ८ अंश जास्त, आणि त्या हवेपेक्षा चिप ४० अंश वर. एकूण ७६. कॅबिनेटचे फॅन यातल्या फक्त मधल्या ८ ला हात लावू शकतात. ते दुप्पट पळवले तरी ७६ चे ७२ होतील. त्या चार अंशांसाठी कानाला काय किंमत मोजावी लागते, ते पुढे बघू.

वेग अर्धा, आवाज मात्र अर्ध्याहून खूप कमी

पंख्याचे काही ठरलेले नियम आहेत. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट, दाब चौपट आणि लागणारी वीज आठपट. आवाजाचा नियम याहून गमतीचा आहे: वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. १० डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. म्हणजे मिनिटाला १४०० फेऱ्यांचा फॅन ७०० वर आणला तर हवा निम्मी होते, पण आवाज जेमतेम एक तृतीयांश वाटतो.

आता दुसरा फॅन जोडा. एकसारखे दोन फॅन एकत्र चालले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. हिशेब जुळवा: अर्ध्या वेगाचे दोन फॅन एका पूर्ण वेगाच्या फॅनइतकीच हवा हलवतात, आणि तरी आवाज १२ डेसिबलनं कमी. शांत मशीन हवं असणारे लोक १४० मिलिमीटरचे मोठे फॅन लावून ते रेंगाळत फिरवतात, त्यामागचं गणित हे आहे.

फक्त एक मेख आहे. वेग निम्मा झाला की दाब एक चतुर्थांशावर येतो. समोर मोकळी जाळी असेल तर काही बिघडत नाही. पण अनेक कॅबिनेटना समोर अख्खी काच असते आणि हवेला कडेच्या बोटभर फटीतून आत शिरावं लागतं. त्यात धुळीनं माखलेला फिल्टर. अशा ठिकाणी संथ पंखा नुसता फिरत राहतो, हवा फारशी पुढे सरकत नाही. बंद खिडकीसमोर टेबलफॅन लावल्यासारखं.

तपासणं सोपं आहे. गेम किंवा जड काम पंधरा-वीस मिनिटं चालवा, ग्राफिक्स कार्डचं तापमान लिहून ठेवा. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तेवढाच वेळ तेच काम चालवा. तापमान एक-दोन अंशच उतरलं तर कॅबिनेट नीट श्वास घेतंय. आठ-दहा अंश उतरलं तर गळा आवळलेला आहे, आणि त्यावर कुठल्याही सेटिंगचा इलाज नाही. आधी फिल्टर झाडा, समोरचा अडथळा काढा.

आणि हो, एखादा फॅन उलटा तर बसलेला नाही ना, तेही बघून घ्या. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या असतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. टिश्यू पेपरची पट्टी जाळीजवळ धरली की हवा कुठे चाललीये ते लगेच दिसतं.

तीन पिनचा आणि चार पिनचा फॅन

फॅनच्या वायरीला तीन किंवा चार पिन असतात. तीन पिनवाल्यात एक वायर जमिनीची, म्हणजे ग्राउंड, दुसरी १२ व्होल्टची, आणि तिसरी फॅनकडून मदरबोर्डाला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाला, वेग कळवणारी. प्रत्येक फेरीला ती दोन टिचक्या देते. बोर्ड त्या मोजतो आणि स्क्रीनवर आरपीएम, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या, दाखवतो. हा फॅन हळू करायचा तर व्होल्टेजच उतरवावं लागतं. १२ चे ७ केले, फॅन मंदावला. पण फार उतरवलं तर तो थांबतो, आणि थांबलेल्या फॅनला पुन्हा सुरू व्हायला चालत्या फॅनपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. ढकलगाडीचं जसं असतं, पहिला धक्का जड.

चार पिनवाल्या फॅनला १२ व्होल्ट कायम मिळतात. चौथ्या वायरीनं त्याला सांगितलं जातं की यातला किती वेळ जोर लावायचा. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. झोक्यावरच्या मुलाला आपण सतत ढकलत नाही, ठरावीक वेळानं हलका धक्का देतो आणि झोका चालू राहतो. तसंच इथं, फक्त धक्के सेकंदाला २५,०००. हा आकडा उगाच नाही. माणसाच्या कानाला सुमारे २०,००० च्या पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून धक्क्यांचा स्वतःचा आवाज कानावर येत नाही.

हे सगळं सांगायचं कारण एक फार साधी चूक. बहुतेक मदरबोर्डांवरचं फॅनचं सॉकेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, डीसी (व्होल्टेज उतरवून) किंवा पीडब्ल्यूएम अशा दोन पद्धतींनी चालवता येतं. तीन पिनचा फॅन लावलाय आणि सेटिंग पीडब्ल्यूएमवर आहे, असं असेल तर फॅनला पूर्ण १२ व्होल्ट मिळत राहतात आणि हळू हो असं सांगणारी वायरच त्याला नसते. तो जन्मभर फुल स्पीडनं पळतो. ‘काहीही केलं तरी फॅन ऐकत नाही’ अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हे बघायला सांगतो. त्यातच काम होऊन जातं, असा बऱ्याचदा अनुभव येतो.

चिप क्षणात तापते, हीटसिंक सावकाश

आता त्या रात्रीच्या फुरफुरीकडे येऊ.

कुठल्या तापमानाला फॅन किती फिरवायचा, याचा एक आलेख बोर्डात असतो. त्याला फॅन कर्व्ह म्हणतात. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर फॅनची टक्केवारी. हे तापमान येतं प्रोसेसरच्या चिपमधूनच, आणि तिथेच घोळ आहे. चिप म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. टॅब उघडला, प्रोसेसरनं दोन सेकंद जोर लावला, की तिचं तापमान ४२ वरून थेट ६५ वर उडी मारतं. काम संपलं की तितक्याच झपाट्यानं खाली. बोर्ड ६५ बघतो आणि फॅनला हाकारतो.

पण पंखा वारा घालतो तो चिपवर नाही, चिपवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या ठोकळ्यावर, म्हणजे हीटसिंकवर. समजा हीटसिंक ७०० ग्रॅम ॲल्युमिनियमचा आहे. एक ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंशानं तापायला ०.९ ज्यूल लागतात, म्हणजे अख्ख्या हीटसिंकला ६३० ज्यूल. टॅब उघडताना प्रोसेसरनं तीन सेकंद नेहमीपेक्षा ६० वॅट जास्त घेतले असं धरा: १८० ज्यूल. त्यानं हीटसिंक तापला किती? एका अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

म्हणजे फॅन घोंगावत ज्याच्यावर वारा घालतोय ती वस्तू गार आहे. त्या तीन सेकंदांत फॅन ३०० फेऱ्यांनी फिरला काय आणि १५०० फेऱ्यांनी फिरला काय, चिपच्या तापमानात फरक नाही. उन्हाळ्यात सूर्य वर आल्याबरोबर भिंत तापत नाही. ती दुपारनंतर तापते आणि रात्री उशिरापर्यंत धग देते. हीटसिंक हा त्या भिंतीच्या जातीचा, चिप मात्र पत्र्यासारखी. आपला फॅन पत्र्याला हात लावून भिंतीला वारा घालत बसतो.

कॅबिनेटच्या फॅनचं तर आणखी दूरचं नातं. त्यांनी हाताळायची ती आतली हवा. ती काही दोन सेकंदांत बदलत नाही, काम लांबलं तर काही मिनिटांत हळूहळू तापते. तरी बहुतेक बोर्डांवर कारखान्यातून येताना हे फॅनही प्रोसेसरच्याच तापमानाला बांधलेले असतात.

उपाय फॅनला जरा जड कानाचं करणं. बऱ्याच बायोसमध्ये वेग वाढवण्या-उतरवण्यातला उशीर ठरवायची सोय असते. नावं वेगवेगळी, स्टेप अप, स्पिन अप, स्मूदिंग वगैरे. तापमान चढल्यावर पाच-दहा सेकंद वाट बघ, उतरल्यावर वीस-तीस सेकंद, असं सांगायचं. जोडीला हिस्टेरिसिस म्हणून एक सेटिंग मिळतं. म्हणजे तापमान चार-पाच अंश बदलल्याशिवाय वेगाला हात लावायचा नाही. माझ्या मशीनचं फुरफुरणं या दोन गोष्टींनी त्याच रात्री थांबलं. आणलेले नवे फॅन अजून छान चालतात, पण त्यांची गरज नव्हती, हे आता पैसे गेल्यावर कबूल करायला हरकत नाही.

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

गेम खेळताना वेगळीच गंमत होते. खरी उष्णता ग्राफिक्स कार्ड ओकत असतं, ३००-४०० वॅट. प्रोसेसर त्या मानानं निवांत, ६० अंशांवर. कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरकडे बघतात आणि म्हणतात, सगळं आलबेल. तिकडे कार्ड आपल्याच गरम श्वासात घुसमटतं, त्याचे स्वतःचे छोटे फॅन किंचाळायला लागतात. आणि कार्डाचे फॅन कॅबिनेटच्या मोठ्या फॅनपेक्षा सहसा कर्कश.

बऱ्याच बोर्डांना बायोसमधून ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसत नाही. मग सॉफ्टवेअर लागतं. विंडोजवर फॅनकंट्रोल नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचे वेगळे कर्व्ह आखून ‘दोघांत जो जास्त वेग मागेल तो’ असं सांगता येतं. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स या तापमान आणि वेग वाचणाऱ्या साधनाबरोबर येणारे पीडब्ल्यूएमकॉन्फिग आणि फॅनकंट्रोल आहेत. नाव विंडोजवाल्यासारखंच, पण प्रोग्रॅम निराळा. पीडब्ल्यूएमकॉन्फिग प्रत्येक फॅन मुद्दाम थांबवून आणि पुन्हा सुरू करून बघतो, आणि तो कुठल्या आकड्याला थांबतो, कुठल्याला उठतो, हे मिनस्टॉप आणि मिनस्टार्ट म्हणून नोंदवतो. तिथे वेग टक्क्यांत नसतो, ० ते २५५ मध्ये असतो.

सॉफ्टवेअरचा एक धोका ध्यानात ठेवा. बायोसमधला कर्व्ह बोर्डावरची चिप सांभाळते, विंडोज गोठलं तरी ती काम करत राहते. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर फॅन शेवटच्या वेगावर अडकू शकतो. शिवाय असे प्रोग्रॅम हार्डवेअरपर्यंत पोचायला खोलवरचे ड्रायव्हर, म्हणजे थेट यंत्राशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम, वापरतात. मार्च २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरनं विनरिंग० नावाचा असाच एक जुना ड्रायव्हर धोकादायक म्हणून अडवायला सुरुवात केली, आणि पंखे सांभाळणाऱ्या अनेकांची एका सकाळी पंचाईत झाली. म्हणून बायोसमधला कर्व्ह असा ठेवायचा, की सॉफ्टवेअर नसलं तरी मशीन सुरक्षित राहील. सॉफ्टवेअर हा वरचा मुलामा.

काही बोर्डांवर टी-सेन्सर नावाचं दोन पिनचं सॉकेट असतं. त्याला वायरीच्या टोकाचा छोटा सेन्सर जोडून तो कार्डाच्या वर हवेत लटकवायचा आणि कॅबिनेटचे फॅन त्याला बांधायचे. सॉफ्टवेअर नको, ड्रायव्हर नको. फॅन थेट आतल्या हवेचं ऐकतो, आणि त्याचं काम त्या हवेशीच आहे. मला विचाराल तर सगळ्यांत सरळ मार्ग हाच, पण सॉकेट असलं पाहिजे.

कर्व्ह आखायचा कसा

मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहिलं की बायोस उघडतं. एसुसच्या बोर्डावर क्यू-फॅन, गिगाबाइटच्या बोर्डावर स्मार्ट फॅन, अशा नावाचं पान शोधा.

आधी कर्व्ह विसरा आणि कान वापरा. रात्री खोली शांत असताना एका फॅनचा वेग हातानं २० टक्क्यांपासून पाच-पाच टक्क्यांनी चढवत जा. एका ठिकाणी तो पहिल्यांदा ‘आहे’ असं जाणवेल. तो आकडा लिहा. त्याच्या जरा खालचा वेग हा तुमचा रोजचा वेग. बहुतेकांचा हा आकडा ३० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान निघतो. प्रत्येक फॅनचं असं करा, कारण एकाच खोक्यातल्या दोन फॅनचा स्वभावही सारखा नसतो.

मग कर्व्ह. माझ्याकडे प्रोसेसर ६० अंशांपर्यंत असेल तर कॅबिनेटचे फॅन सपाट ३५ टक्के. अगदी आडवी रेष. ब्राउझर, लिखाण, गाणी, मीटिंगा, सगळं त्या आडव्या रेषेवर होतं आणि वेग बदलतच नाही. ६० ते ८० मध्ये रेष हळूहळू ६० टक्क्यांपर्यंत चढते. ९० ला १०० टक्के. ही शेवटची पायरी आणीबाणीची आहे, रोज लागू नये.

ती आडवी रेष एवढी महत्त्वाची का? कारण कान आवाजापेक्षा आवाजातला बदल जास्त टिपतो. छताचा पंखा रात्रभर एका लयीत चालला तर झोप लागते. तोच दर पाच मिनिटांनी कमी-जास्त झाला तर कोण झोपेल? सतत ४० टक्क्यांवर फिरणारा फॅन हा २५ आणि ५५ मध्ये हेलकावे खाणाऱ्या फॅनपेक्षा शांत वाटतो, जरी मीटरवर काही काळ तो जास्त असला तरी. बहुतेक लोक कर्व्ह आखताना रेष शून्याजवळून तिरकी चढवतात, कारण ती स्क्रीनवर देखणी दिसते. देखणी रेष आणि चुळबुळं मशीन.

पण चिप ८० अंशांवर गेली तर खराब होणार नाही का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि भीती समजण्यासारखी आहे. ८० अंश म्हणजे आपल्या हाताला चटका. पण चिप हात नाही. एएमडीचे रायझेन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच थांबतील असे बनवलेले आहेत. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. तिथे पोचलं की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. त्यानंही भागलं नाही तर मशीन बंद होतं. म्हणजे कर्व्ह चुकला तर आधी मशीन मंदावतं, जळत नाही.

जड कामात ७० ऐवजी ७६ दिसलं म्हणून झोप उडवून घ्यायचं कारण नाही. थ्रॉटलिंग होत नाही ना, एवढं बघा. आकडा कमी दिसावा म्हणून फॅन पळवणं हा मला छंद वाटतो, गरज नाही.

मग हलक्या कामात पंखे बंदच ठेवले तर?

ग्राफिक्स कार्डं हे करतात. अनेक कार्डांचे फॅन ५० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत फिरतच नाहीत. कॅबिनेटच्या फॅनचं मात्र मी तसं करत नाही. आत फक्त दोन चिपा नसतात. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग आहेत, फाइली साठवणारी एसएसडी आहे, आणि यांच्याकडे कुठलाच कर्व्ह बघत नसतो. मोठी फाइल कॉपी करताना एसएसडी तापून मंदावते, तेव्हा प्रोसेसर थंडच असतो. ३०-३५ टक्क्यांचा, ऐकूही न येणारा वारा या सगळ्यांना पुरतो. शिवाय बंद फॅन सुरू होतानाचा झटका कानाला कळतो.

आणखी फॅन जोडायचे का? तीन असतील तर चौथ्यानं किती फरक पडतो, ते वरच्या दुपटीच्या हिशेबातून कळेलच. एक नव्हता तिथे एक लावला तर मोठा फायदा, सहाचे सात केले तर फक्त फॅनवरच्या दिव्यांची रोषणाई वाढते. मात्र आत घेणाऱ्या फॅनची हवा बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडी जास्त ठेवा. मग आत किंचित दाब राहतो आणि धूळ फटीफटीतून न शिरता फिल्टरमधूनच येते. एका सॉकेटवरून जास्त फॅन चालवायचे असतील तर बोर्डाच्या पुस्तकात मर्यादा बघा. बहुतेक साध्या सॉकेटना १ अँपिअरची असते.

पाण्याच्या कूलरबद्दलही विचारतात. तो उष्णता हलवतो, संपवत नाही. शेवटी रेडिएटरवर फॅन असतातच. त्याचा खरा गुण असा, की पाणी सावकाश तापतं. म्हणून त्याचे फॅन प्रोसेसरऐवजी पाण्याच्या तापमानाला बांधले, तर फुरफुरीचा प्रश्नच येत नाही. लोक हजारोंचा कूलर घेतात आणि फॅन चिपलाच बांधून ठेवतात.

आवाज नेहमी हवेचाच नसतो

सगळं नीट करूनही काही आवाज उरतात. बायोसमधून एकेक फॅन पाच सेकंदांपुरता थांबवून बघितलं की गुन्हेगार सापडतो. प्रोसेसरचा मात्र थांबवू नका. खरखर असेल तर बेअरिंग झिजलंय, फॅन बदला. ठरावीक वेगाला कॅबिनेट गुणगुणत असेल, ६०० ला नाही, ८०० ला नाही, पण ७०० ला हटकून, तर पत्रा त्या वेगाशी सूर जुळवतोय. कर्व्ह असा वळवा की फॅन ७०० वर रेंगाळणार नाही.

शेवटचा प्रकार मला बराच काळ छळत होता. दर सेकंदाला एखाद-दुसऱ्यांदा वर-खाली होणारी घुं... घुं... घुं. वेग स्थिर, तापमान स्थिर, तरी आवाज लाटेसारखा. समोर एकसारखे दोन फॅन होते, प्रत्येकाला नऊ पाती. एक १००० फेऱ्यांनी फिरत होता, दुसरा १०१०. पहिल्याची पाती सेकंदाला १५० वेळा हवा कापतात, दुसऱ्याची १५१.५ वेळा. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले की त्यांच्यातल्या फरकाइतक्या लाटा ऐकू येतात, सेकंदाला दीड. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळवताना, जुळायच्या ऐन आधी जी थरथर ऐकू येते, तीच ही. काही कंपन्या आता जोडीचे फॅन मुद्दाम थोड्या वेगळ्या वेगाचे बनवून विकतात, ते यासाठीच.

मी खालच्या फॅनचा कर्व्ह सगळीकडे पाच टक्क्यांनी उतरवला. लाट गेली.